शिडाच्या नावेवरील दिनचर्या

आमच्या शाळेच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही. दिसतात त्या धानाच्या बांधी आणि त्यांच्या पलीकडे क्षितिजावर टेकलेले आकाश. लाखांदुरास सर्वांत जवळचा समुद्र म्हटला तरी तो आग्नेयेस, सरळ रेषेत सुमारे पाचशे किलोमीटरांवर आहे. तथापि आमच्या अंगणात पडलेले पाणी तेथवर जातेच. चुलबंद ते वैनगंगेस देते. वैनगंगा वर्धेस मिळून प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीत शिरते आणि गोदावरी त्यास बंगालच्या उपसागराच्या स्वाधीन करते. पाण्यास वाट ठाऊक आहे. विद्यार्थ्यांस ती दाखवावी लागते. प्रस्तुत पाठाचा हेतू तेवढाच आहे.

हा पाठ लिहिण्यास जे निमित्त झाले ते प्रथम सांगितले पाहिजे, कारण त्यात आमची स्वतःची एक चूक आहे. गतवर्षी आम्ही आठव्या वर्गास ‘उष्ण कटिबंधातील बेटांभोवती शिडाच्या नावेतून एक महिना’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितले. बहुतेक सर्वांनी मोठ्या उत्साहाने लिहिले. कोणी नावेत पहुडून ग्रंथ वाचले, कोणी प्रत्येक बेटावर शहाळी प्याली, कोणी चांदण्यात गाणी म्हटली. आम्हांस ते निबंध आवडले, आणि त्यांतील दोन वर्गात वाचूनही दाखविले. एका विद्यार्थ्याने मात्र अवघ्या अकरा ओळी लिहिल्या होत्या. त्याच्या घरी मासेमारीचा धंदा पिढीजात आहे. बापाबरोबर डोंग्यावर जावे लागते म्हणून तो वरचेवर गैरहजर राही, आणि त्याबद्दल आमचे कठोर शब्दही त्याने ऐकले होते. त्या अकरा ओळींत त्याने वर्णन केले नव्हते. तीन प्रश्न विचारले होते. रात्री सगळे निजल्यावर नाव कोण सांभाळतो? प्यावयाचे पाणी किती न्यावे? आणि परक्या पाण्यात खालचा खडक कसा ओळखावा? आम्ही तांबड्या शाईने ‘विषयास सोडून’ असा शेरा मारला व दहांपैकी तीन गुण दिले.

पुढे सुट्टीत आम्ही आपल्या देशाच्या शिडाच्या नावांविषयी जे मिळेल ते वाचले, आणि तेव्हा आमच्या ध्यानात आले की विषयास सोडून जर कोणी लिहिले असेल तर ते इतर सर्वांनी. या विद्यार्थ्याचे तीन प्रश्न हाच खरा विषय होय. म्हणून त्याच प्रश्नांच्या क्रमाने आम्ही हा पाठ रचिला आहे.

नावा आणि त्यांवरील माणसे

गोव्यात मांडवी नदीच्या पात्रात दिवाडी नावाचे बेट आहे. तेथे रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही ५६ फूट लांबीची शिडाची नाव बांधण्यात आली व २००९ च्या फेब्रुवारीत ती भारतीय नौदलाच्या स्वाधीन झाली. म्हादेई हे मांडवीचेच मूळचे नाव. याच नावेतून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले, आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली व केपटाऊन या चार ठिकाणी मुक्काम करून २०१० च्या मे महिन्यात परत आले. शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. त्यांच्यामागून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ साली त्याच नावेतून कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली.

या साऱ्या उपक्रमाची मूळ कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी राहात. विंचुर्णीहूनही समुद्र दिसत नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

म्हादेईची धाकटी बहीण म्हणजे ‘तारिणी’. तीही दिवाडी बेटावरच बांधली गेली व १८ फेब्रुवारी २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. लांबी ५५ फूट, म्हणजे सुमारे १७ मीटर. आमच्या शाळेच्या दोन वर्गखोल्या एकापुढे एक ठेविल्या तर जेवढी होईल, साधारण तेवढी. एवढ्या जागेत नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या व २१ मे २०१८ रोजी परतल्या. एकूण २५४ दिवस; त्यांपैकी १९९ दिवस प्रत्यक्ष समुद्रावर. नेतृत्व वर्तिका जोशी यांचे होते. सोबत प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी व पायल गुप्ता या होत्या. जोशी उत्तराखंडातील हृषीकेशच्या, जामवाल हिमाचलातील कुलूच्या, विजया देवी मणिपूरच्या. डोंगरांत जन्मलेल्यांस समुद्र वर्ज्य नाही, मग धानाच्या बांधीत जन्मलेल्यांसच तो का असावा?

प्रदक्षिणेपूर्वी दोंदे यांनी आणि पुढे या महिलांनीही गोव्याहून मॉरिशस बेटापर्यंतचा फेरा सरावासाठी केला होता. उष्ण कटिबंधातील समुद्र व बेटे यांचा तो उत्तम नमुना असल्यामुळे आपण आपल्या पाठासाठी तोच मार्ग घेऊ.

मार्ग व वारा

गोवे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेपंधरा अंशांवर आहे. मॉरिशसचे पोर्ट लुई बंदर दक्षिणेस सुमारे सव्वावीस अंशांवर. आपले लाखांदूर उत्तरेस सुमारे पावणेएकवीस अंशांवर आहे. अर्थात पृथ्वीचा नकाशा विषुववृत्तावर दुमडला तर लाखांदुराचा अक्षांश जवळजवळ पोर्ट लुईच्या अक्षांशावर पडेल. आपल्याकडे माघात थंडी असते तेव्हा तेथे उन्हाळा असतो. आपल्याला दुपारचा सूर्य बहुतेक वर्षभर दक्षिणेकडे कललेला दिसतो, तर तेथे तो उत्तरेकडे कललेला दिसतो.

समुद्रावर अंतर सागरी मैलांत मोजतात. अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे एक सागरी मैल, सुमारे १,८५२ मीटर. पृथ्वीचा घेर ३६० अंशांचा; ३६० गुणिले ६० बरोबर २१,६००. शिडाच्या नावेने केलेली प्रदक्षिणा निदान २१,६०० सागरी मैलांची असली पाहिजे असा जो नियम आहे, त्याचे बीज या साध्या गुणाकारात आहे. तारिणीने हे अंतर १९९ दिवसांत कापले असे धरिले तर दिवसास सुमारे १०८ सागरी मैल, म्हणजे ताशी साडेचार मैल पडतात. हा वेग शाळेत येणाऱ्या मुलाच्या सायकलीहूनही कमी आहे. मात्र सायकल रात्री भिंतीस टेकून ठेविता येते. नाव अहोरात्र चालतच असते. जगाला वळसा घातला तो वेगाने नव्हे, सातत्याने.

शिडाच्या नावेचा घोडा म्हणजे वारा. त्याच्या ऋतूंचे ज्ञान नसेल तर बाकीचे सारे ज्ञान व्यर्थ होय. नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात असताना अरबी समुद्र लहान नावांस बंदच म्हणावा. कोकणातील कोळी नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून मगच नावा लोटतात, ते उगाच नव्हे. विषुववृत्ताजवळ शांत पट्टा लागतो. तेथे कधी वारा पूर्णपणे पडतो, शिडे डोलकाठीवर लटकून आपटत राहतात, आणि कधी एकाएकी काळा ढग येऊन पावसाची सर व वाऱ्याचा झोत झोडपून जातो. पट्टा ओलांडून दक्षिणेस गेले की आग्नेय व्यापारी वारे मिळतात. ते स्थिर व विश्वासू असतात. त्या समुद्रात नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चक्रीवादळांचा काळ असतो, म्हणून हिंडणाऱ्या लहान नावा त्या दिवसांत बहुधा ही बेटे टाळतात.

पहिला प्रश्न : रात्री नाव कोण सांभाळतो?

उत्तर असे की नावेवर सगळे कधीच निजत नाहीत. माणसे सहा असतील तर दोघादोघांच्या पाळ्या लावितात. साधारणतः तीन-चार तास पहारा, मग विश्रांती, मग पुन्हा पहारा. घड्याळाचे काटे आणि सूर्य यांचा आपल्या झोपेशी जो संबंध आपण गृहीत धरितो तो तेथे तुटतो. भर दुपारी निजावे लागते आणि रात्री दोन वाजता उठून सुकाणू हाती घ्यावे लागते. पहाऱ्यावर जाणारा वेळेच्या आधी पाच मिनिटे वर येतो, कारण त्यास उशीर झाला तर तेवढी झोप दुसऱ्याची जाते. नावेवर आळस हा खाजगी दुर्गुण राहात नाही. तो दुसऱ्याच्या ताटातून घेतलेला घास ठरतो.

पहारेकऱ्याची कामे येणेप्रमाणे : होकायंत्रावर दिशा राखणे, वाऱ्याचा बदल ओळखून शिडे ओढणे, ढिली करणे अथवा आखडून लहान करणे, क्षितिजावर दिवे पाहणे, वायुभारमापकाचा पारा चढतो की उतरतो ते बघणे, आणि तासातासास नोंदवहीत स्थान, दिशा, वेग व वारा लिहिणे. रात्री तो कमरेचा पट्टा दोरीने नावेस अडकवून ठेवितो. अंधारात पाण्यात पडलेला माणूस पुन्हा सापडणे अत्यंत कठीण, म्हणून ही दोरी लाजेची नव्हे, शहाणपणाची. वाचण्यापुरता दिवा लागलाच तर तांबडा वापरितात, कारण पांढऱ्या प्रकाशाने अंधारास सरावलेली दृष्टी जाते व ती परत येण्यास बराच वेळ लागतो.

एकट्या नाविकाने काय करावे? तो तुकड्यातुकड्यांनी निजतो. येथेही गणित आहे. मोठ्या जहाजाचा दिवा सुमारे आठ-दहा मैलांवरून दिसू लागतो. ते जहाज आणि आपली नाव मिळून ताशी पंचवीस मैलांनी एकमेकांकडे येत असतील तर गाठ पडण्यास वीस-पंचवीस मिनिटे लागतात. म्हणून गजबजलेल्या मार्गावर एकटा नाविक वीस मिनिटांचा गजर लावून निजतो, उठून चहूंकडे पाहतो, आणि पुन्हा निजतो. आज दूरची जहाजे दाखविणारी यंत्रे आहेत. तरीपण डोळ्याची सुट्टी कोणत्याही यंत्राने मंजूर केलेली नाही.

या रात्रींस त्यांचे असे ऐश्वर्यही आहे. उष्ण समुद्रात सूक्ष्म जीवांमुळे नावेच्या मागे पाणी निळसर उजळते. ध्रुवतारा रोज थोडा थोडा खाली उतरतो आणि विषुववृत्तावर क्षितिजाशी नाहीसा होतो. त्याच वेळी समोर त्रिशंकू वर चढत जातो. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची जितके अंश, तितकाच आपला उत्तर अक्षांश. हात लांब करून वळलेली मूठ सुमारे दहा अंश झाकते. लाखांदुरात ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींच्या किंचित वर दिसतो. ज्यास शंका असेल त्याने आज रात्रीच मोजून पाहावे.

दुसरा प्रश्न : पाणी किती न्यावे?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडे इतके खारट पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. त्यामुळे ते पिणाऱ्याच्या शरीरातील होते नव्हते ते गोडे पाणीही खर्ची पडते आणि तहान वाढते. चहूंकडे पाणी असून प्यावयास नाही, अशी ही स्थिती आहे.

आता उदाहरण करू. गोव्याहून मॉरिशसपर्यंत वाऱ्यामुळे पडणारे फेरे धरून अडीच हजार सागरी मैल मानले, आणि नाव रोज सुमारे ११० मैल गेली, तर २३ दिवस लागतील. शांत पट्ट्यात अडकून पडण्याची शक्यता धरून निम्मे अधिक घ्यावे. म्हणजे ३५ दिवस. पिणे व स्वयंपाक मिळून माणशी तीन लिटर धरिले तर सहा माणसांस ३५ दिवसांसाठी ६३० लिटर पाणी हवे. आपल्या घरची बादली सुमारे १५ लिटरांची असते. एका माणसाने एक बादली पाच दिवस पुरवावयाची, असा याचा अर्थ. वैशाखात हातपंपावर रांग लावणाऱ्या आमच्या माताभगिनींस हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही; तो त्या रोज करितात.

अलीकडच्या नावांवर खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र असते. तथापि यंत्र बंद पडू शकते, म्हणून जाणता नाविक टाकीतील साठा यंत्राच्या भरवशावर उधळीत नाही. पाऊस आला की शिडाच्या पायथ्याशी बादल्या लावितात. पहिले पाणी शिडावरचे मीठ धुऊन जाते, ते सोडून देतात, आणि पुढचे भरून घेतात. स्नान समुद्राच्या पाण्याने करून शेवटी एक तांब्या गोडे पाणी अंगावर घेतात, कारण मीठ अंगावर राहिले तर उष्ण हवेत कातडीस फोड व जखमा होतात. भांडी खाऱ्या पाण्याने घासतात. साधा साबण त्या पाण्यात फेसाळत नाही. आमच्याकडील काही विहिरींचे पाणी जड असते व त्यातही साबण फुटतो, त्याचे कारण तेच : पाण्यातील चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार.

स्वयंपाकाविषयी दोन शब्द लिहिणे येथेच योग्य होईल. नाव एका कुशीवर कललेली असते, म्हणून शेगडी दोन खिळ्यांवर झुलती बसवितात. नाव कलली तरी पातेले सरळ राहते. घट्ट झाकणाचा कुकर फार उपयोगी पडतो, कारण तो आडवा झाला तरी त्यातील डाळ सांडत नाही. भात, डाळ, बटाटे, कांदे, लिंबे आणि अंडी हा मुख्य साठा. अंडी मधून मधून उलटवून ठेविली तर थंड पेटीवाचूनही बरेच दिवस टिकतात. केळ्यांचा घड मात्र फसवितो. तो एकदम पिकतो व सर्वांस दोन दिवस केळीच खावी लागतात. कागदाची व पुठ्ठ्याची वेष्टने बंदरातच टाकून देतात, कारण त्यांत झुरळांची अंडी येतात. आणि डब्यांवरील कागद ओलीने गळून पडतो म्हणून नावे रंगाने लिहून ठेवितात, नाहीतर भाजीचा म्हणून उघडलेला डबा गोड निघावयाचा. लिंबाचे महत्त्व जेम्स लिंड या वैद्याने १७४७ साली दाखविले. रक्तपिती झालेल्या बारा खलाशांस त्याने दोघादोघांच्या जोड्या करून निरनिराळे उपाय दिले; संत्री व लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर बरी झाली. आमच्या परसातील लिंबोणीकडे यापुढे विद्यार्थ्यांनी आदराने पाहावे.

सकाळचे पहिले काम म्हणजे नावेभोवती फेरी. रात्री डेकवर येऊन पडलेले उडते मासे गोळा करितात. मग प्रत्येक दोर, कडी व शिवण हाताने चाचपून पाहतात. समुद्रावर वस्तू मोडण्यापूर्वी झिजतात, आणि झिजताना फार थोडा आवाज करितात. जो रोज पाहतो त्यासच तो ऐकू येतो.

तरीही काही गोष्टी मोडतातच. तारिणी अखेरच्या टप्प्यात केपटाऊनहून गोव्याकडे येत असता तिच्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. ठरलेल्या कार्यक्रमात मॉरिशसचा मुक्काम नव्हता. सात महिन्यांहून अधिक काळ प्रवासात काढलेल्या, घराच्या ओढीने निघालेल्या सहा जणींनी नाव पोर्ट लुईकडे वळविली व १८ एप्रिल २०१८ रोजी त्या बंदरात पोचल्या. दुरुस्ती करून त्या निघाल्या व महिन्याभरात गोव्यास आल्या. प्रदक्षिणेच्या यशात आम्हांस हा थांबा अतिशय मोलाचा वाटतो. हट्टाने पुढे जाणे आणि वेळीच थांबणे यांत धैर्य कशास अधिक लागते, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा.

तिसरा प्रश्न : पाण्याखालचा खडक कसा ओळखावा?

बेट दिसण्यापूर्वी त्याच्या खुणा दिसतात. मोकळ्या समुद्रावरील ढग वाऱ्याबरोबर चालतात, पण एखादा ढग एकाच जागी ठाण मांडून असेल तर त्याखाली बहुधा भूमी असते. काही समुद्रपक्षी दिवसा मासे धरण्यास बाहेर येतात व सायंकाळी भूमीकडे परततात. प्रशांत महासागरातील बेटांवरचे प्राचीन नाविक होकायंत्रावाचून अशाच खुणांवर शेकडो मैल जात असत.

परंतु खरा धोका बेट दिसल्यावर सुरू होतो. मॉरिशससारख्या बेटांस बहुतेक सर्व बाजूंनी प्रवाळाच्या खडकांचे कडे असते. कड्याच्या आत शांत उथळ पाणी, बाहेर खोल समुद्र, आणि मध्ये जाण्यास मोजक्याच वाटा. हे खडक पाण्याखाली हातभर असतात व नावेचा तळ सहज फाडतात.

हा भाग शिकविताना आम्ही वर्गास विचारले की पाण्याखालचा खडक वरून कसा कळेल. पुस्तके वाचणारे गप्प राहिले. मागच्या बाकावरून तोच अकरा ओळींचा विद्यार्थी उठला आणि म्हणाला, “गुरुजी, पाण्याच्या रंगावरून. पण ऊन डोक्यावर पाहिजे आणि पाठीमागून पाहिजे. तोंडावर ऊन असलं तर पाणी नुसतं चमकते, खालचं काही दिसत नाही. अन् उभं राहून पाहा लागते, बसून नाही.” आम्ही विचारले, हे कोठे वाचले? तो म्हणाला, “वाचलं नाही जी. बाबा डोंग्यात उभे राहतात.”

विद्यार्थिमित्रहो, नाविकांचा नियम अक्षरशः हाच आहे. गडद निळे पाणी खोल. फिकट हिरवे उथळ व वाळूचे. तपकिरी डाग दिसला तर तो प्रवाळ. प्रवाळाच्या वाटेने शिरावयाचे ते सकाळी उशिरा ते दुपारी, सूर्य उंच व पाठीशी असताना, आणि एका माणसाने डोलकाठीवर चढून खाली पाहात राहावयाचे. सायंकाळी पोचलेली नाव, भूमी कितीही जवळ असली तरी, रात्रभर बाहेर समुद्रात थांबते व उजेडाची वाट पाहते. नांगर टाकताना पाण्याच्या खोलीच्या पाचपट ते सातपट दोर सोडितात, म्हणजे ओढ आडवी बसते व नांगर जमिनीत रुततो. आखूड दोराने तो वर उपटला जातो. परक्या देशाच्या बंदरात प्रथम पिवळे निशाण लावितात. नावेवर साथीचा आजार नाही, आम्हांस उतरण्याची परवानगी द्यावी, असा त्याचा अर्थ.

पोर्ट लुईच्या धक्क्याजवळ आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध झालेले भारतीय मजूर तेथे उतरविले जात. त्यांत मुंबई इलाख्यातील मराठी माणसेही होती. त्यांनीही हाच समुद्र शिडांच्या जहाजांतून ओलांडला. मात्र सुकाणू त्यांच्या हाती नव्हते. त्यांच्या वंशजांनी मराठी भाषा जतन केली, आणि आज मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुट्टी असते. समुद्र माणसे वेगळी करितो तसाच तो त्यांस जोडूनही ठेवितो.

उपसंहार

तारिणी यानंतरही स्वस्थ बसली नाही. २ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलना के. व रूपा ए. या दोघीच तिच्यातून निघाल्या व प्रदक्षिणा करून २९ मे २०२५ रोजी गोव्यास परतल्या. ११ सप्टेंबर २०२५ रोजी तिन्ही सैन्यदलांतील दहा महिला अधिकाऱ्यांची तुकडी ‘त्रिवेणी’ नावाच्या नावेतून मुंबईहून प्रदक्षिणेस निघाली. तिचे नेतृत्व अनुजा वरुडकर यांच्याकडे सोपविलेले होते.

आता आमच्या चुकीकडे परत येतो. आम्ही त्या विद्यार्थ्याचा निबंध पुन्हा मागून घेतला, तांबड्या शाईचा शेरा खोडला, आणि त्याखाली आमची सही केली, जेणेकरून चूक कोणाची होती हे कागदावर राहावे. तीन गुणांचे आठ केले. शुद्धलेखनाचे दोन कापलेच. गैरहजेरीबद्दल आम्ही त्यास आजही रागावतो, कारण डोंग्यावरील विद्येस शाळेतील विद्येची जोड हवीच आहे. परंतु आता रागावताना आमच्या मनात ही जाणीव असते की जोड उलट बाजूनेही हवी आहे. वर्गासही ती झाली असावी, कारण पुढील रविवारी सात-आठ मुले त्याच्याबरोबर वैनगंगेच्या काठी गेली आणि उभे राहून, ऊन पाठीशी घेऊन, पाणी वाचावयास शिकली.

अभ्यास

१. सलग सात रात्री ध्रुवताऱ्याची उंची मुठींनी मोजा व सरासरी काढा. तुमचे उत्तर लाखांदुराच्या अक्षांशापासून किती अंशांनी चुकले?

२. चार माणसे, १,२०० सागरी मैल, ताशी पाच मैल वेग, निम्मा अधिक साठा आणि माणशी तीन लिटर या हिशेबाने पाणी किती न्यावे?

३. एक दिवस घरी पिण्यास व स्वयंपाकास माणशी तीन लिटर पाण्यात भागवून पाहा. काय सर्वांत कठीण गेले ते दहा ओळींत लिहा.

४. आपल्या घरच्या अथवा शेजारच्या धंद्यातील अशी एक गोष्ट लिहून आणा की जी कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही व जी तुमच्या गुरुजींस ठाऊक नाही.